सरावाच्या सामन्यातली पेनल्टी

हंगाम सुरू व्हायच्या आधी मोठा क्लब आजूबाजूच्या छोट्या संघांशी सरावाचे सामने खेळतो. ना गुण, ना कप. निकालाचं कुणाला काही पडलेलं नसतं. यंदा असा एक सामना आमच्या मैदानावर होता. माझा मुलगा मोठ्या क्लबकडून खेळणार होता आणि सकाळपासून भेटेल त्याला मी तेच ऐकवत होतो.

तर गोलच्या तोंडाशी हे कार्टं कोलमडलं आणि गुडघा धरून बोंबलायला लागलं. बापाला काय शिकवतो? खरंच लागलं की हा लहानपणापासून मुका होतो. रेफरीने मात्र पेनल्टी दिली.

त्याला अडवायला गेलेला खेळाडू म्हणजे आमचा बेकरीवाला. त्याचा पाय लागलाही नव्हता. बिचारा मुलाच्या पाठीवरून हात फिरवून तडक माझ्याकडे आला.

"काका, चुकलं माझं. पहाटेपासून भट्टीपाशी उभा होतो, पाय जड झालेत. आणखी कुणाला लागायला नको, मी बाहेरच बसतो."

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो काय, तर "असू दे रे, खेळात चालायचंच."

तो मान खाली घालून बाकावर जाऊन बसला. तेवढ्यात आमचे चिरंजीव टुणकन उठले, गोल मारला आणि माझ्याकडे बघून हात हलवायला लागले. सगळे माझ्याकडे वळले.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.