मावशींच्या जागी स्पीकर

मी तालमीच्या खोलीतला पियानो बोलतोय, आणि रागाने बोलतोय. गोड काही ऐकायचं असेल तर दुसरं वाद्य बघा.

माझ्या तीन पट्ट्या अडकतात, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. तरी नव्या नाचाची आठ महिने तालीम माझ्यावरच झाली. वाजवायच्या मावशी. नात्याने कोणाच्याच नाहीत, पण सगळ्या नर्तकांच्या मावशी. संगीत जुनं शास्त्रीय. नाच मात्र आजचा, जमिनीवर लोळणारा, भिंतीवरून उसळणारा. त्यात धाकटी नर्तकी एक उंच उडी घ्यायची. कधी लवकर उतरायची, कधी उशिरा. मावशी तिच्या पायाकडे बघत आणि तो टेकला की मगच सूर देत.

"तुम्हाला कसं कळतं, मावशी?"

"तू वर असतेस तेव्हा मी श्वासच घेत नाही गं."

प्रयोग आठवड्यावर आला आणि दिग्दर्शकांनी एक नामांकित वादक आणला. "मावशी, जाहिरातीत नाव लागतं ना. तुम्ही तालमीपुरत्याच होतात." सहाही नर्तक खाली बघत उभे. एकानेही तोंडातून ब्र काढला नाही. मावशींनी वही पिशवीत टाकली, माझं झाकण लावलं. माझं टाळकं तेव्हाच सणकलं होतं.

पुढचं मला नर्तकांच्या बोलण्यातून कळलं. नामांकितांनी प्रयोगभर मान वर केली नाही. सूर पुढे पळाला, त्याला गाठायला धाकटी घाईने उतरली आणि तिचा घोटा मोडला.

"तुझा ताल चुकला," दिग्दर्शक तिला म्हणाले. इथेच, माझ्यावर कोपर टेकून.

नामांकित काही परत आले नाहीत. मग मावशींना बोलावणं गेलं. त्या आल्या, आधी धाकटीचा पाय बघितला, मग दिग्दर्शकांकडे वळल्या. "पोरीची माफी मागा आणि जाहिरातीत माझं नाव घाला. उद्यापासून वाजवते."

"नावाचं बघू की पुढे."

"मग वाजवायचंही पुढेच बघू," म्हणून त्या गेल्या, त्या गेल्याच.

आता नाच रेकॉर्डिंगवर चालतो. कोणी हवेत असो की जमिनीवर, ते आपलं पळत सुटतं. नर्तक तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजतात. पूर्वी कोणी मोजत नव्हतं. धाकटी प्लास्टर घालून कोपऱ्यात बसते. काल दिग्दर्शकांना म्हणाली, "पाय बरा झाला तरी ह्याच्यावर मी उडी मारणार नाही."

बोलली एकदाची. त्या दिवशी बोलली असती तर?

मला मोडीत काढा, तारा उपटा, माझं काही म्हणणं नाही. पण तो स्पीकर माझ्या डोक्यावर ठेवलाय, तेवढा उचला.