छपरावरच्या फणसपोळ्या

"सखूकाकी, उतरा आधी खाली!" मी शिडीखालून ओरडले. आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर काकी सोलरच्या प्लेटांवर प्लास्टिक पसरून फणसपोळ्या घालत होती.

"वराडतेस कशाला गो? हितं कोंबड्या येत नाय. ऊनबी फुकट जातं."

"फुकट नाही जात! त्याच्यावर लसीचा फ्रीज चालतो."

हे तिला आधीही सांगितलं होतं. पण मी चार दिवस ट्रेनिंगला तालुक्याला गेले आणि बाईंनी सगळं छप्पर पोळ्यांनी भरलं. मुंबईच्या लेकांना डबे भरून द्यायचे होते ना!

धावत जाऊन फ्रीज उघडला. आत गार काही नाही. गोवराच्या बाटल्यांवरचे उष्णता दाखवणारे पांढरे चौकोन काळे पडलेले. म्हणजे लस वाया गेली. आणि बाहेर ओटीवर बाया पोरं घेऊन बसलेल्या. त्यांत काकीची सून रुचिराही, मांडीवर नऊ महिन्यांची राही. संध्याकाळच्या गाडीने ती मुंबईला निघणार होती.

लस वाया गेल्याचं मी सांगितलं तसे ओटीच्या कडेला बसलेले काकीचे यजमान रावजी उठले. गावात त्यांचा शब्द चालतो.

"टोच की तीच. पोरांस काय होनार नाय."

"काहीच होणार नाही, तेच तर! पाणी टोचायचं आणि आयांनी समजायचं गोवर टळला? मी नाही टोचणार."

"हर्ण्याची पोर आमाला अक्कल शिकवते! म्हावरा कुजला तर वळखशील, लस काय वळखनार?"

बाया फिदीफिदी हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या आईनं हर्णैच्या बंदरात मासळीच्या लिलावात जन्म काढला, पण कुजका मासा कुणाच्या टोपलीत घातला नाही!"

"तुजी बदलीच करतो थांब."

"करा खुशाल."

बाटल्या बांधून बाजूला ठेवल्या, बर्फाची पेटी घेतली, वडापच्या जीपनं मोठ्या दवाखान्यात जाऊन ताजी लस आणली. परतले तर ओटी रिकामी. रावजींनी सगळ्यांना घरी पिटाळलेलं.

मग निघाले घरोघर. पहिल्या दोन घरांनी दार उघडलं नाही. तिसरं रावजींचंच. रुचिरा राहीला घेऊन आपणहून बाहेर आली.

"खळ्यातच टोच," काकी दारातून म्हणाली. "घरात पाय ठेवू नको."

पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. दारापुढच्या तापलेल्या खळ्यात गुडघे टेकले. सुई लागली तशी राही किंचाळली.

"ताप आला तर घाबरू नको," रुचिराला म्हटलं, पेटी खांद्याला लावली आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.