वरची पट्टी

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता प्रयोगशाळेच्या पडद्यावर दोन पट्ट्या उमटल्या. आजवर एकच दिसायची, खालची.

खालची पट्टी म्हणजे अडकलेलं प्रथिन. पेशीत तयार होणारं असं प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेत शिरतं, पडद्यांच्या चिंचोळ्या बोळांत. तिथे त्याला घड्या पडतात, अंगावर साखरेची साखळी चढते आणि पुढे सोडण्याआधी तपासणी होते. घडी चुकली की अडवणूक, आणि मग मोडतोड. जे सुटतं त्यावर पुढच्या टप्प्यात आणखी साखर चढते. ते जड होतं, म्हणून चित्रात त्याची पट्टी वर दिसते.

या पेशींत चिमी नावाच्या लहान मुलीच्या आजाराचा दोष होता. तिच्या प्रथिनाच्या माळेतला एक मणी, म्हणजे एक अमिनो आम्ल, गळालेला आहे. पेशीच्या पृष्ठभागावर पोचलं तर ते बऱ्यापैकी काम करील, पण तपासणी त्याला सोडत नाही, आणि पोरीची छाती कफाने भरते. नवं औषध ती घडी सावरील अशी आशा होती. चिमीची आत्या याच प्रयोगशाळेत संशोधक. सगळे तिला आत्याच म्हणत.

"आत्या, तोंड गोड करा आता," कुलूप म्हणाला. पेनपासून पिपेटपर्यंत सगळं कुलपात ठेवणाऱ्या या सहकाऱ्याला दुसरं नाव उरलं नव्हतं.

आत्या पडद्याजवळ वाकली. "औषध न घातलेल्या रकान्यात हे काय आहे?"

तिथेही वरची पट्टी होती. फिकट, पण होती.

"शेजारून सांडलं असेल."

"मधला रकाना रिकामा सोडला होता. तो कोरा आहे. सांडताना उडी मारून गेलं का?"

"तुम्हाला चांगली बातमी पचतच नाही."

औषधाशिवाय हे प्रथिन कशाने सुटतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थंडीने. पेशी गारव्यात ठेवल्या की घड्या सावकाश पडतात आणि सदोष मालही तपासणीतून निसटतो. माणसाचं शरीर गार करता येत नाही, म्हणून थंडीचा उपचार होत नाही. तिने पेशी वाढवायच्या उबदार पेटीकडे पाहिलं. बाहेरचा आकडा सदतीस अंश, शरीराइतकाच. चोख. दारावर मात्र दुरुस्तीची नवी चिठ्ठी होती, आणि खाली दादाची सही.

दादा तिचा थोरला भाऊ, चिमीचा बाप, या इमारतीतल्या फ्रिजांचा आणि पेट्यांचा मेकॅनिक.

तिने पाण्याच्या बाटलीत काचेचा थर्मामीटर बुडवून बाटली पेटीत ठेवली. जेवून आल्यावर पाहिलं तर पारा एकतीसवर. बाहेर आकडा सदतीसच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे गेली तर ते कोट चढवत होते. "चित्र तर मी लगेच दवाखान्याकडे पाठवलं. नवं औषध देऊन पाहायला रुग्णांची पहिली तुकडी ठरतेय, तुमची भाची आहे तिच्यात. रडताय कशाला?"

"रडत नाहीये. पेटी खोटं बोलतेय, सर."

"मग दुसऱ्या पेटीत पुन्हा करा. तोवर मी काही मागे घेणार नाही."

वरच्या मजल्यावरच्या पेटीत तिने नव्या प्लेटी लावल्या आणि तळघरात उतरली. दादा एका पंख्याचं पातं पुसत होता.

"आमच्या पेटीला काय केलंस?"

"सेन्सर बदलला. का गं?"

"आत एकतीस आहे."

"नवा सेन्सर कधी कधी दगा देतो. बघतो."

"दादा, थंडीत ते प्रथिन सुटतं, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"तूच. जेवताना. पोळी दुमडून दाखवलीस, वहिनी हसली होती." त्याने फडकं खाली ठेवलं. "म्हणजे तुझं म्हणणं काय? मी मेकॅनिक आहे, चोर नाही."

"मी चोर म्हटलंच नाही."

"मग असं पोलिसासारखं का बघतेस? तुकडीत जागा मिळाली, तर बहिणीने पेढे नको, निदान पाणी तरी विचारावं."

"तुकडीत जायचं तर चिमीच्या आत्ताच्या गोळ्या बंद करायच्या. सोमवारपासून. त्या गोळ्यांवरच ती उभी आहे. नव्या औषधात दम नसेल तर तिच्या हातात काहीच उरत नाही."

दादाने पातं उचललं, परत ठेवलं.

"हे तू सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर?"

"तर काय? विचार केला असता. बाप आहे मी तिचा." तो पान्हे गोळा करायला लागला. त्यातला एक दोनदा खाली पडला. आत्याने तो उचलून दिला नाही.

रविवारी ती पुन्हा गेली. बाटलीतला पारा सदतीसवर होता. दारावर चिठ्ठी कालचीच, नवी नोंद नाही. कुलपाला फोन केला, तर तो म्हणाला, "मी हात लावला नाही. आणि मला लफड्यात ओढू नका." दादाचा फोन वाजत राहिला.

दुरुस्त करणारा कुणीतरी होता. पण बिघडलेलं दुरुस्त झालं होतं की केलेलं पुसलं गेलं होतं, ते पाऱ्यावरून कळत नव्हतं. सेन्सर खरंच दगा देतात. गेल्या साली खालच्या फ्रिजचाही दिला होता.

सोमवारी सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज दबका, मागे चिमीचा खोकला.

"वन्सं, एक विचारू? दवाखान्यातून निरोप आलाय, जुन्या गोळ्या आजपासून बंद, आणि दुपारी नव्या घ्यायला या. पण हे म्हणतात, जुन्या चालूच ठेव, कुणाला बोलू नकोस. तुम्हालाही नाही."

"कारण काय सांगितलं?"

"काहीच नाही. गोळी स्वतःच्या हाताने दिली तिला. देऊ द्यायची होती का?"

वरच्या पेटीतल्या पेशींचं चित्र दुपारी चारला मिळणार होतं. दवाखान्यात पोचायची वेळ तीनची होती.