पेपरातली कबुतरं

माझ्या भावाला कबुतरांचा नाद होता. लग्नाचा नव्हता, चार पैसे गाठीला बांधायचा नव्हता, कबुतरांचा होता. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा हिरालाल गोंदियाकडून खलाशी म्हणून, म्हणजे लोखंड ओढणारा मजूर म्हणून आला, आणि नवरा वारल्यावर मीही त्याच्यामागे आले. त्याला भाकरी करून घालणारं कोणी तरी हवं होतं आणि मला डोकं टेकायला जागा. कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या एका खोलीच्या छपरावर त्यानं खोक्यांच्या फळ्या ठोकून ढाबळ केली होती. तिथली घाण कोण झाडायचं, ते सांगायला नको.

कबुतरं गिरेबाज होती. सकाळी सोडली की सरळ वर जायची, ठिपक्याएवढी व्हायची आणि आपल्याच छपरावर तासन् तास घिरट्या घालायची. ज्याचं पाखरू जास्त वेळ वर राहील तो जिंकला, एवढाच तो खेळ. लांबून घरी येणं हे त्यांचं काम नव्हे, कोणी त्यांना ते शिकवतही नाही. हे मलासुद्धा कळत होतं, आणि मी तर त्यांना उठता-बसता शिव्या घालत होते.

रायपूरच्या पेपरवाल्याला ते कळलं नाही. कामगार फावल्या वेळात काय करतात, यावर लिहायला तो कॅम्पात आला, आमच्याकडे चहा प्याला, मान वर करून पाहिलं आणि गेला. पेपरात छापून आलं, की भिलाईच्या एका कामगाराची कबुतरं नागपूरपर्यंत चिठ्ठी पोचवून परत येतात.

"गिरेबाजाले पोस्टमन करून टाकलं यानं," हिरालाल चिडून म्हणाला. मग भेटेल त्याला खरं काय ते समजावत फिरला. ऐकतंय कोण? उलट ज्या फोरमननं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, तो थांबून कबुतरांची चौकशी करू लागला. हळूहळू हिरालालचं समजावणं बंद पडलं. कोणी चिठ्ठीचा विषय काढला की तो नुसता हसायचा. मी मध्ये पडले नाही. दिवसभर लोखंड ओढणाऱ्या माणसाला चार लोक ओळखतात, तर ओळखू देत.

पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खायचा नसतो. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी गुलाबराव एक दिवस घरी आले. नवरात्रात मंडळाची माणसं डोंगरगडच्या जत्रेला जाणार होती. तिथून देवीच्या नावाची चिठ्ठी बांधून कबुतरं सोडायची आणि संध्याकाळी कॅम्पातल्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर ती उतरवायची, असं त्यांच्या मनात होतं.

"तुमची नागपूरले जाऊन येतात, डोंगरगड तं त्याच्या अर्ध्यातही नाही," गुलाबराव म्हणाले.

हिरालाल हो म्हणाला.

ते गेल्यावर मी भांडी आपटली. "कावून हो म्हटलं? पेपरवाल्यानं चुकीचं लिहिलं, असं सांगता नाही आलं तुले?"

"बाई, आता सांगून पेपर खोटा नाही होत. मीच खोटा होतो."

"अन् पाखरं?"

"येतीन एखाद वेळेस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्यानं पांढरी मादी आणि तिचा नर नेला. दोन्ही त्याच्या हातावर दाणे टिपत वाढलेली. आली तर हीच येतील, असं त्याला वाटत होतं.

मंडळाबरोबर मीही गेले. डोंगरगडला पेपरवालाही आला होता. कबुतरं हातातून सुटताना त्यानं पाहिली, काही तरी टिपून घेतलं आणि लागलीच मिळेल त्या गाडीनं रायपूरला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कबुतरं सरळ वर गेली आणि आमच्या डोक्यांवरच फिरू लागली. फिरतच राहिली. त्यांना जे येत होतं तेच ती करत होती, फक्त खाली त्यांचं छप्पर नव्हतं. हिरालाल जत्रेच्या गर्दीत "आव, आव" करत राहिला. जत्रेतल्या भोंग्यांच्या गोंगाटात त्याचा आवाज शेजारी उभ्या मलाच ऐकू येईना. शेवटी ती डोंगरामागे कुठं गेली ते दिसलं नाही. आमची गाडी लागली तेव्हा मी त्याला दंडाला धरून आत बसवलं.

संध्याकाळी पाहुण्यांनी वाट पाहिली, भाषण केलं आणि ते निघून गेले. मंडळाची माणसं हिरालालकडे न बघता आवराआवर करू लागली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर पेपर आला. चिठ्ठी कॅम्पात सुखरूप पोचली, आणि आमच्या कॅम्पाजवळच्या सुपेल्याच्या बाजारावरून येताना लोकांनी कबुतरं पाहिली, असं त्यात होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरालाल मात्र ते पुन्हा पुन्हा वाचत होता.

"बाई, सुपेल्यावरून म्हणते हा."

"गाडीत बसून लिहिलं त्यानं. तू पाह्यलं नाही का त्याले जाताना?"

"बाकीचं खोटं असन. पण सुपेल्याचंच नाव कावून लिहीन तो? कोणी तरी पाह्यलंच असन."

जन्मभर मी या भावाला उलटून बोलत आले. त्या दिवशी मात्र नाही. इतकी दया मला त्याची कधी आली नव्हती.

"जा, विचारून ये," मी म्हटलं.

तो पायांत चपला अडकवून सुपेल्याला निघाला, बाजारातल्या एकेका दुकानापुढे थांबून विचारायला.