चारच्या आत क्लच

टिकटिक हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण घड्याळजीची मुलगी, त्यात तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, मग गल्लीनं दुसरं काय म्हणायचं तिला?

तर या टिकटिकच्या घरासमोर तिच्या मामाची मोटरसायकल आठ महिने धूळ खात उभी होती. इंजिन टकाटक, पण क्लच गेलेला. आणि क्लच तारेवरचा नाही, हायड्रॉलिक! म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबला की वरच्या सिलिंडरमधलं फ्लुइड नळीतून खाली जातं आणि इंजिनापाशी बसलेल्या धाकट्या सिलिंडरला ढकलतं. कुठे गळलं, हवा शिरली, की लिव्हर नुसता लुळा पडतो. तसाच पडला होता.

मामा म्हणाला, "रविवारी चारला गिऱ्हाईक घेऊन येतोय. तोवर गाडी गल्लीला एक फेरी मारून आली तर तुझी. नाहीतर मुकाट्यानं चावी द्यायची. आणि मेकॅनिक नाही आणायचा हं!"

"घरातले चालतील?"

"चालतील की!" मामा खो खो हसला. "घरात कुणाला काय कळतंय!"

झालं! टिकटिक पेटलीच. नव्या सीलांचं किट आणलं, चार व्हिडिओ पाठ केले आणि रविवारी सकाळी नऊला टाकीवर जुनी चादर टाकून बसली. कारण हे फ्लुइड रंगावर सांडलं की रंग सोलून काढतं.

आधी खालचा सिलिंडर. उघडला तर आत काळा चिखल, आणि रबरी सीलची कड चक्क फाटलेली. "हा बघा चोर!" ती ओरडली. नवं सील फ्लुइडमध्ये बुडवून बसवलं. जुनं कागदी पाकिटात घातलं, वर लिहिलं: खालचं सील, दोष: कड फाटली. ही बाबांची शिस्त. घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत जुना तुकडा फेकायचा नाही.

बाबा खिडकीपाशी आपल्या टेबलावर भिंतीचं घड्याळ उघडून बसले होते. लक्ष नाही असं दाखवत होते, पण डोळ्यावरचं भिंग सारखं इकडेच वळत होतं.

वरच्या सिलिंडरची गोल क्लिप मात्र काही निघेना. खोल भोकात बसलेली. पक्कड झाली, स्क्रूड्रायव्हर झाला.

"चिमटा देऊ?" बाबा.

"नको."

दोन मिनिटं गेली.

"अजून नको?"

"द्या!"

दिलाच नाही त्यांनी. स्वतःच आले, वाकले आणि काटा काढावा तशी क्लिप अलगद काढून तिच्या तळहातावर ठेवली. पिस्टन बाहेर आला. त्याची जुनी सीलंही पाकिटात गेली. पण मग कळलं, फ्लुइड पुरणार नाही. दुकान रविवारी एकला बंद! टिकटिक पायात चप्पल सरकवून जी धावली, ती दीड तासानं परत आली.

बघते तर काय, वरचा पिस्टन नव्या सीलांसकट काचेच्या झाकणाखाली नवरदेवासारखा चमकत बसलेला!

"धूळ बसली असती," बाबा म्हणाले. "म्हटलं, तयार करून ठेवावं."

टिकटिक खूश. पिस्टन आत घातला. जरा घट्ट गेला, पण नवं आहे, असणारच, असं म्हणून दाबला. मग नळीतली हवा काढायला आईला लिव्हरवर बसवलं. आईच्या कानाशी फोन, फोनवर मावशी.

"आई, दाब!"

"दाबला."

"धरून ठेव!"

"धरलाय."

"कुणाला धरलंस गं?" मावशी फोनमधून.

"सोड!"

"अगं, सोडलाय, पण हा परत येत नाहीये!"

खरंच येत नव्हता. आत गेलेला लिव्हर आतच. बोटानं ओढून बाहेर काढावा लागत होता. पावणेतीन वाजले होते. टिकटिकचं तोंड जन्मात पहिल्यांदा बंद झालं. ती पायरीवर बसली, नाक पुसत म्हणाली, "मीच काहीतरी उलटं बसवलं. घेऊन जाऊ दे त्याला गाडी."

बाबांनी पिस्टन परत बाहेर काढला. सीलं फुगून टम्म! त्यांनी नाकाशी नेऊन वास घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तू नाही गं. मी. तू गेलीस तेव्हा ही सीलं पेट्रोलमध्ये भिजत घातली होती. वर तेलाचा थेंब."

"बाबा! या रबराला पेट्रोल-तेल म्हणजे विष!"

"घड्याळाचा प्रत्येक भाग आम्ही असाच…"

"घड्याळात सील असतं का असं?"

"असतं थोडंच," बाबा इतकं हळू म्हणाले, की तिलाच कसंतरी झालं.

मग एकदम ते ताठ झाले. "वरची जुनी सीलं कुठायत? पाकीट आण!"

जुनी सीलं भिंगाखाली गेली. आईनं मावशीलाही गप्प केलं.

"कड शाबूत. ओरखडा नाही," बाबा म्हणाले. "गळत होतं ते खालचं. ही बिचारी उगाच निवृत्त झाली."

आता काय विचारता! सगळे तुटून पडले. सीलं ताज्या फ्लुइडनं धुतली, सिलिंडर पुसला, नळीतून नवं फ्लुइड सोडून जुनं वाहून लावलं. आई दाबतेय, धरतेय, सोडतेय. खालच्या पाइपातून बुडबुडे, बुडबुडे, मग एकच बारीक बुडबुडा, मग काही नाही. आणि लिव्हर, आहाहा, दाबला की घट्ट, सोडला की टप्पकन परत!

तेवढ्यात मामा हजर. गिऱ्हाइकासकट, पाच मिनिटं आधीच.

"काय दाजी, चावी तयार?"

टिकटिकनं चावी फिरवली. गाडी चालू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. खट्‌! आणि गाडी जागची हलली नाही. गिअरमध्ये असून शहाण्यासारखी उभी, म्हणजे क्लच चालला! बाबांनी मूठ आवळली. मग तिनं लिव्हर हळूच सोडला आणि गेली की गाडी, चादरीचं एक टोक अजून टाकीवर फडफडत.

वळणाआड आवाज गेला. सगळे कान लावून. आवाज परत आला, समोरून भुर्रकन पुढे गेला.

"अरे, एकच फेरी ठरली होती!" मामा ओरडला.

"तिची गाडी आहे," आई म्हणाली. "कितीही मारेल."

मामानं गिऱ्हाइकाकडे पाहून खांदे पाडले. "चला, चहा तरी घेऊ."

बाबांनी आधी ती फुगलेली सीलं कागदी पाकिटात घातली आणि कोरून कोरून वर लिहिलं: वरची नवी सीलं. दोष: घड्याळजी.