मदिनाला खाता आलं तर

हसायचं असलं तर शेवटाला हसा, मधी न्हाय. मधीच कुणी दात काढलं की माझं डोस्कं फिरतंय.

मी करीम. उभी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर काढली. कोल्हापूर-जयसिंगपूर, कोल्हापूर-नृसिंहवाडी. पौर्णिमेला वाडीच्या गाडीचं दार लागायचं न्हाय एवढी गर्दी, तरी कधी कुणाला ओरखडा आला न्हाय. असा मी माणूस. पण घरातल्या गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते मला ठाऊक न्हवतं. कशाला ठाऊक असंल? मदिना होती की! माझी बायको. ती घरात असताना मी शेगडीजवळ कशाला जातोय?

आमची एकुलती एक पोरगी जोया, लगीन होऊन जर्मनीला असती. जावई मुजम्मिल तिकडं कारखान्यात इंजिनियर हाय. जोयाचं पहिलं बाळंतपण, शेवटचा महिना लागलाय. डॉक्टरनं तिला पडून ऱ्हायला सांगितलंय. सासू न्हाय बिचारीला. मुजम्मिल सकाळी कामावर जातोय ते अंधारात परत येतोय. मदिनाचा व्हिसा आला, नुसतं तिकीट काढायचं ऱ्हायलं, आणि ही बाई म्हणती काय, तर "मी जात न्हाय!"

का? तर माझ्यापायी. मागल्या वर्षी ती बहिणीकडं पेठ वडगावला चार दिवस गेलती. मला हाय शुगर. वेळेवर खायला लागतंय. मी काय केलं, भडंग खाल्लं, वर चहा पिला, भूक लागली की परत भडंग. चौथ्या दिवशी अंगणात धाडदिशी पडलो. शेजारच्या पद्माक्कांनी कंपाउंडवरनं बघितलं म्हणून वाचलो.

मदिना जात न्हाय म्हणाली, त्याच दिवशी संध्याकाळी जोयाचा फोन आला. "अम्मी, ऱ्हाऊ दे. मी करते मॅनेज," म्हणाली. आवाज एवढासा. मदिनानं फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून कपड्याच्या घड्या घालत बसली. घडी घातलेला टॉवेल उलगडून परत घडी घालत होती. मला ते बघवंना.

"अगं, डबा लावतो की मी!"

"बाहेरचं तेलकट सोसतंय का तुम्हाला?"

"मग पद्माक्का देतील दोन भाकरी."

"तीन महिने? लोकाच्या जिवावर?"

झालं, माझा पारा चढला. "मी काय कुक्कुलं बाळ हाय काय गं? जेवण करायचं म्हणजे काय रॉकेट सोडायचंय? करून दाखवतो!"

मदिना वळली. "दाखवा. आज, आत्ता. एक जेवण. मी बाहेरच्या खोलीतनं हलणार न्हाय, आणि कुणाची मदत घ्यायची न्हाय. मला खाता आलं, तर मी विमानात बसते. न्हाय आलं, तर परत हा विषय काढायचा न्हाय."

"ठरलं!"

ठरलं म्हणून तर बसलो, पण करायचं काय? मागच्या दारात जाऊन जोयालाच फोन लावला. पोरगी उठून बसली असणार, एकदम आवाजात जीव आला तिच्या. "अब्बा! सगळ्यात सोप्पं सांगते. एकच कढई. कोबी आणि चिकन सॉसेज. इकडं आम्ही सारखं करतो. सॉसेज कापून तेलात लाल करायचे, बाजूला काढायचे. त्याच तेलात कांदा, मग कोबी, झाकण. शेवटी सॉसेज परत आत. मिरपूड टाका, बास. मीठ अगदी शेवटाला, चव बघून, कारण सॉसेजला असतं. अब्बा, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय की!" म्हटलं. स्कूटर सुरू झालती माझी तोवर.

कपिलतीर्थ मंडईत जाऊन कोबीचा गड्डा उचलला, चांगला घट्ट, दोन्ही हातात धरावा असा. तितनं शाहूपुरीत कोल्ड स्टोरेजच्या दुकानात. "हलाल हाय न्हवं?" विचारलं, पाकिटावरचा शिक्का बघितला, बोटाएवढ्या गुलाबी कांड्यांचं एक पाकीट घेतलं. येताना बेकरीत पाव. चौकातनं गाडी अशी आणली म्हणता! सिग्नलला थांबलो तवा लक्षात आलं, मी शिट्टी वाजवतोय.

दारात हंबीरराव उभा. हंबीरराव म्हणजे माझा कंडक्टर. एका गाडीवर आम्ही म्हातारे झालो. त्याला वास कसा लागला कुणास ठाऊक.

"काय करीमभाई, स्वयंपाक करताय म्हणं?"

"मदत घ्यायची न्हाय, तशी अट हाय. तू नुसतं बस. हात लावलास तर बघ!"

"आपण नुसतं बसणार," म्हणाला आणि मागच्या पायरीवर बसला.

आणि सुरू झालं बघा! गॅस तिसऱ्या काडीला पेटला. कढई ठेवली, मोठी, पसरट, ईदला मटण करतात ती. तेल तापलं. सॉसेजचे तुकडे सोडले तसा चर्रर्र आवाज! एकेक तुकडा फुगतोय, कड फुटतीय, लाल होतोय, आणि वास असा सुटला की हंबीरराव पायरीवरनं उठून उंबऱ्यावर आला. मला तर हर्षवायूच व्हायचा ऱ्हायला. हे मी करतोय! ह्या हातानं! बाहेरच्या खोलीतनं मदिना ओरडली, "काय जळतंय का?" मी म्हटलं, "काय न्हाय जळत! तू बस गप!"

सॉसेज ताटलीत काढलं. कांदा टाकला, गुलाबी झाला. आता कोबी. मी आख्खा गड्डा चिरून ठेवलेला. किती घ्यायचा ते जोयानं सांगितलं न्हवतं, मीही विचारलं न्हवतं. टाकायला लागलो, टाकायला लागलो, कढई भरली, वर डोंगर झाला, कोबी शेगडीवर सांडाय लागला, आणि अजून परातीत निम्मा शिल्लक! हातानं दाबतोय तर इकडनं दाबलं की तिकडनं वर येतोय. माझा पाक घामटा निघाला.

मी तसाच कंपाउंडकडं पळालो. "पद्माक्का! ओ पद्माक्का!"

पद्मावती अक्का, आमच्या शेजारी. जैन माणसं, त्यांच्या घरात मासमच्छी सोडा, अंडं शिवत न्हाईत. बाहेर आल्या. "काय झालं करीमभाऊ? परत पडलासा काय?"

"न्हाय हो, कोबी मावंना!"

"मीठ टाका वरनं आणि झाकण ठेवा. बसतोय खाली आपोआप." मग नाकाला पदर लावला. "आणि त्यात दुसरं काय घातलंय ते मला सांगू नका."

"न्हाय सांगत," म्हटलं आणि पळत आलो.

अट मोडली व्हय मी? मदत घेतली म्हणता येईल. पण जोयाची सांगण्यापुरती आणि अक्कांची कोबीपुरतीच. ते एवढं काय न्हाय.

डोंगराकडं बघितलं आणि मीठ टाकलं. डोंगरच एवढा, म्हणून मीठही चांगलं मूठभर. मग मिरपूड. मिरपूड टाकली आणि थांबलो. ते पांढरं-हिरवं रूप बघून माझं मन काय भरंना. दवाखान्यातल्या पेशंटला देतात तसलं. जोया म्हणाली मिरपूड बास, पण तिचं काय खरं, ती जर्मनीत ऱ्हाती! मी बरणी काढली. चटणीची. आमच्यात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट, मदिना वर्षाचं एकदम करून ठेवती. डोंगराच्या मापानं तीन मोठे चमचे घातले आणि झाकण दाबून बसवलं.

मदिना स्वयंपाक करताना कधी चव बघत न्हाय. वासावर सांगती. म्हटलं, आपणही वासावरच चालायचं. झाकण उघडून वास घेतला. झकास! आणि काय सांगू, पद्माक्का म्हणाल्या तसंच झालं. डोंगर गेला! आख्खा ढीग बसून कढईच्या तळाला आला. उरलेला कोबी घालायला जागाच जागा, पण मी तो घातला न्हाय. कशाला परत डोंगर करायचा? सॉसेज आत टाकलं, दोनदा हलवलं, गॅस बंद. मी तिथंच दोन्ही हात वर करून नाचलो. हंबीररावनं टाळ्या वाजवल्या.

ताट वाढलं. दोन पाव, कोबी, वर सॉसेजचे लाल तुकडे, कडेला लिंबाची फोड. बाहेरच्या खोलीत नेऊन मदिनापुढं ठेवलं. माझं काळीज असं उडत होतं म्हणता, घाटात ब्रेक फेल झाल्यावर उडालं नसंल एवढं.

ती ताटाकडं बघत बसली. मग पाव मोडला. एक घास घेतला. चावला. थांबली. तोंडावर काय दिसंना. दुसरा घास घेतला. तिसरा. माझ्याकडं बघंना, नुसती खातीय. मधी एकदा तांब्या उचलून पाणी पिली आणि परत खायला लागली. मी समोर उभा, हाताची बोटं मोडत. ताट साफ झालं. शेवटच्या पावाच्या तुकड्यानं तिनं लाल तेल पुसून घेतलं, तोंड पुसलं, डोळे पुसले.

"जोयाला फोन लावा," म्हणाली. "मी येतीय म्हणावं."

अहो, मी ओरडलो किती! "जिंकलो! हंबीऱ्या, जिंकलो!" म्हणत मागच्या दाराकडं पळालो. फोन लावला, जोया तिकडनं ओरडतीय, मी इकडनं ओरडतोय, सुट्टीचा घरी असलेला मुजम्मिल मधीच येऊन म्हणतोय, "मामा, मी आत्ताच तिकीट काढतो, आत्ताच!" मी फोन मदिनाच्या हातात दिला. ती हसत होती. डोळ्यातनं पाणी गळत होतं, नाक लाल झालेलं, आणि हसत होती. म्हटलं, बाईमाणूस, आनंदानं रडतीय.

तेवढ्यात हंबीरराव जवळ आला आणि कानात म्हणतोय, "तिखट बरोबर झालं न्हवं? तुम्ही अक्कांकडं गेलता तवा मी जरा चाखून बघितलं. अगदीच सपक हुतं. दोन चमचे चटणी सारली मी डोंगराच्या बुडाला, वरनं दिसू नये म्हणून. आणि मीठ बी, थोडं."

मी त्याचा दंड धरला.

"दोन? आणि मी तीन टाकले की रं!"

कढईकडं धावलो. चिमटीत कोबी घेऊन तोंडात टाकला. आई शप्पत सांगतो, जाळ आणि धूर संगटच! जीभ पेटली, कानातनं वाफ निघाली, आणि वरनं मीठ असं की समुद्राचं पाणी पिल्यागत. नळाखाली तोंड घातलं मी. डोंगराच्या मापानं मीठ टाकलं, डोंगर बसला, मीठ तेवढंच ऱ्हायलं. हे लहान पोराला कळतंय. मला कळलं न्हाय. त्यात हा बाबा!

आणि तिनं आख्खं ताट खाल्लं होतं. पुसून.

हंबीररावाला हाकलला. "जा, घरी जा, उद्या तुझ्याकडं बघतो!" बाहेर गेलो. मदिनानं फोन ठेवला होता. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसलेली. मी समोर खाली बसलो. मग एकदम राग आला. माझा मला.

"खोटं का सांगितलंस मदिना? ते कुत्र्यानं बी खाल्लं नसतं."

"खोटं कुठं सांगितलं?" ती म्हणाली. आवाज बसलेला, तिखटानं. "चांगलं झालंय, असं मी म्हटलं काय? अट काय होती? मला खाता आलं तर. आलं की मला खाता."

मी तिचा तांब्या परत भरून आणला.

"माझी पोरगी तिकडं एकटी हाय," मदिना म्हणाली. "पहिल्या घासाला कळलं मला, तुम्ही काय केलंय ते. कोबीच्या जागी दगड शिजवून ठेवला असता ना तुम्ही, तर तो बी मी खाल्ला असता."

मला वाटत होतं ती माझी परीक्षा घेतीय. परीक्षा तिची तीच देत होती, आणि मी समोर उभा राहून बोटं मोडत होतो. एवढ्या वर्षांत मला जायचंय, हे मला पाहिजे, असं ह्या बाईनं तोंडानं कधी म्हटलं न्हवतं. त्या दिवशीही म्हटलं न्हाय. नुसती जेवली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते तिखटाचं न्हवतं, सरळ सांगतो.

ती उठली. आत गेली, परातीतला उरलेला कोबी बघितला, पाकिटातल्या राहिलेल्या दोन सॉसेजच्या कांड्या बघितल्या. कढई रिकामी करून घासली, शेगडीवर ठेवली आणि झारा माझ्या हातात दिला. स्वतः स्टूल ओढून शेजारी बसली.

"लावा गॅस," म्हणाली. "तुम्ही अजून जेवला न्हाईसा. शुगर उतरंल."