फळ्यांच्या पाठीवरचं गाव

तेमिरकुल चितारी गेल्याचा चाळिसावा दिवस उजाडला आणि पाहुण्यांना बसायला बाकं कमी पडली.

जेवणाला सत्तर-ऐंशी माणसं येणार होती. अंगणात कढईत बोर्सोकचे, कणकेचे, तुकडे टम्म फुगत होते. तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, म्हणून सालिका आत्या तेल चांगलं धुरावेपर्यंत तापवत होती. "भाऊ वरून म्हणत असेल, सालिके, करपवलंस ना पुन्हा!" असं म्हणून तीच खुदखुदत होती.

तेमिरकुलचा धाकटा एर्मेक मेंढ्यांच्या गोठ्यातून वडिलांच्या जुन्या फळ्या ओढायला गेला. तेमिरकुलनं जन्मभर सामुदायिक शेताच्या घोषणा रंगवल्या होत्या. 'लोकर वाढवा.' 'दूध वाढवा.' 'कामावर वेळेवर या.' शेत मोडलं, घोषणा गोठ्यात गेल्या. आता त्यांचीच बाकं करू, म्हणून एर्मेकनं 'लोकर वाढवा' उलटी केली आणि घोड्यासारखा खिंकाळला.

"ताई! ए ताई, धाव!"

बुरुल धावली. ती ओश शहरात शाळेत शिकवायची, चाळिसाव्यासाठी रजा काढून आली होती. फळीच्या पाठीवर एक टर्की कोंबडा छाती काढून उभा. छातीवर पदकं, डोक्यावर पांढरी उंच टोपी, गळ्याखाली लाल झोळणा. आणि तोंड? शेताचे जुने संचालक मामिरकान काका, मिशीच्या शेवटच्या केसापर्यंत.

दुसरी फळी उलटली. टपालवाली झूरा शेळी होऊन कुणाचं तरी पत्र चघळत होती. तिसरीवर गुरांचा डॉक्टर दोरोन एडका होऊन सुईला बघून पळत होता. सव्वीस फळ्या, सव्वीस पाठी, सगळं गाव चारी पायांवर नाहीतर पंखांवर. भावाबहिणीनं गवतावर लोळून घेतलं. हसू थांबलं की एकानं नुसतं "टर्की" म्हणायचं, की पुन्हा सुरू.

मग बुरुल एकदम उठून बसली. "अरे, पण आज चाळिसावा!"

आजच्या दिवशी आलेलं प्रत्येक कुटुंब गेलेल्याची एक वस्तू घरी नेतं. जी मागेल ती द्यायची, नाही म्हणायचं नाही. आणि या घरात टोपी, कोट, कुंचले सोडले तर होतं काय? या फळ्याच.

"काकांनी स्वतःला असं बघितलं, तर बाबांच्या नावानं घास तरी उतरेल का त्यांच्या घशाखाली? आजच्या दिवशी बाबांना कुणी नावं ठेवलेली मला नाही चालणार," ती म्हणाली. "निवड पटापट. निरुपद्रवी इकडे, स्फोटक तिकडे."

निवडता निवडता आत्या झारा घेऊन डोकावली. "ही कोण गं, अंड्यांवर फुगून बसलीय? कुणालाच जवळ येऊ देत नाहीये!"

"कोण जाणे, आत्या," बुरुल ओठ चावत म्हणाली.

"आणि हे शिंगरू बघ, स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडलंय. कुठलं येडं असेल!" एर्मेक म्हणाला. बुरुलनं तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबलं.

निरुपद्रवी ढिगात एकच फळी जमली, सफरचंदाच्या झाडाची. पण बुरुल आता वेगळंच काही शोधत होती. बायका, पोरं, कधीची गेलेली आईसुद्धा होती, डोळे मिटून चुलीपाशी बसलेली मोठी पांढरी मांजर. बुरुल कुठेच नव्हती. लहानपणी खिडकीत बसून दिवसभर तीच बापाला सांगायची, बाबा, निळा जास्त झाला, बाबा, अक्षराची शेपूट आखूड झाली. तो हूं हूं करायचा. मग ती अठराव्या वर्षी ओशला गेली, आणि बहुतेक त्याच्या फळ्यांवरच्या गावातूनही गेली.

"आणि ही साळुंकी कशाला प्रत्येक फळीवर?" ती चिडून म्हणाली. "जागा रिकामी दिसली की बसवली, एका पायावर, चोच उघडून. शोभेचं आपलं काहीतरी."

तेवढ्यात फाटकाशी काठी वाजली. मामिरकान काका, नेहमीसारखे वेळेच्या तासभर आधी. फळ्या लपवायला सवड कुठली! ते सरळ शेळीसमोर थांबले. मिशी थरथरली.

"अरे, ही तर आपली झूरा!" हसता हसता काकांची टोपी नाकावर आली. "माझं पेन्शनचं पत्र खातेय!"

मागून आलेली झूरा त्यांच्या टर्कीला बघून फाटकाला धरून हसत खाली बसली. दोरोननं कोंबडीवरून आत्याकडे पाहिलं, आत्यानं एडक्यावरून दोरोनकडे. ज्यानं त्यानं दुसऱ्याला ओळखलं, स्वतःला एकानंही नाही.

"हा टर्की मात्र पलीकडच्या गावचा असणार," काका गंभीरपणे म्हणाले. सगळ्या अंगणाला एकदम खोकला आला.

आत्या शोकगीत म्हणायला बसली. गळा लागला, पण शब्द ऐकेनात:

*भाऊ गं माझा गेला, कुंचला ओला ठेवून*
*रडाया बसले मी, हसू येतंया दाटून*

बायकांनी धरलेला सूर हसण्यातच फुटला. बुरुल बाजूला उभी होती. तिच्यानं राहवेना.

"सगळ्यांना काढलं बाबांनी. मलाच नाही काढलं."

मग आत्तापर्यंतचं सगळं हसू फिकं पडावं असा गडगडाट.

"अगं शिकलेले," झूरा डोळे पुसत म्हणाली, "जरा खाली बघ, उभी कशी आहेस!"

बुरुलनं पाहिलं. उजवं पाऊल उचलून डाव्या पोटरीवर टेकवलेलं. नेहमीसारखं.

टर्कीच्या टोपीवर, शेळीच्या शिंगावर, एडक्याच्या पाठीवर, आईमांजरीच्या कानाशी. एक पाय वर, चोच उघडी. 'दूध वाढवा'च्या पाठीवर, चित्राखाली तारीख होती. बुरुल ओशला गेल्यानंतरच्या सातव्या वर्षाची.

"तू गेल्यावर मी त्याला म्हटलं होतं, आता घर शांत झालं असेल," झूरा म्हणाली. "तर म्हणाला, कुठे गं, अजून निळा जास्तच होतोय."

बुरुल हसत होती की रडत होती, ते कुणी विचारलं नाही. बोर्सोक संपले, प्रार्थना झाली, आणि जो तो शेजाऱ्याला काखेत मारून निघाला. झूरानं टर्की उचलला, काकांनी शेळी.

काका फाटकाशी थांबले. "पोरी, ही साळुंकी चोच कधी मिटते? दुपारी मी झोपतो."

"मिटत नाही, काका."

"अरे देवा," म्हणत त्यांनी फळी छातीशी घट्ट धरली आणि चालू लागले.

बुरुलनं पाय खाली टेकवला. थोड्या वेळानं पुन्हा वर घेतला.